आगटे सरांचा नकार

“हे काय आहे, सर?” मी पितळेचं फुलपात्र त्यांच्यासमोर धरलं.

“नाही,” आगटे सर म्हणाले.

“आणि हे?” मी कंगवा उचलला.

“नाही.”

“तुमचं नाव सांगता?”

त्यांनी डोळे मिटून घेतले. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. कपाळावर घाम आला आणि शेवटी तेच बाहेर पडलं. “नाही.” स्वतःचा शब्द ऐकून तेच दचकले. मग मान भिंतीकडे वळवून पडून राहिले.

बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. “त्यांना कळतंय ना सगळं?” त्यांनी हळूच विचारलं.

“बरंचसं कळतंय, बाई. शब्द सापडत नाहीत. एकच हाताला लागतो, मग तोच पुन्हा पुन्हा येतो.”

“आयुष्यभर लिहीत नि बोलत आले हे,” बाई म्हणाल्या. “आणि उरला तो हा शब्द.”

ही गोष्ट डिसेंबर सत्त्याहत्तरची. मी चोवीस वर्षांची होते. वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवायचा अभ्यासक्रम मुंबईत पुरा करून मी नुकतीच सांगलीला परत आले होते. असलं काही काम असतं हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आगटे सर माझे पहिलेच रुग्ण.

नीळकंठ आगटे हे नाव तेव्हा वाचणाऱ्या घरांतून सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या ‘रोजचा होकार’ या पुस्तकावरून बापलेकांत भांडणं झाली होती. एका कॉलेजच्या आवारात त्याच्या प्रती जाळल्याही होत्या. त्यांचं म्हणणं असं, की मांडवात एकदा दिलेला होकार जन्मभर पुरत नाही. तो रोज द्यावा लागतो, रोज मागावा लागतो. आणि ज्या दिवशी एकजण नाही म्हणेल, त्या दिवशी दुसऱ्यानं पुन्हा विचारू नये. पुन्हा विचारणं म्हणजे जबरदस्तीची सुरुवात.

ते तसे वागलेही. अठ्ठावन्न साली बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा यांना सांगलीत सोडून ते पुण्याला गेले आणि लीला नाबर यांच्याबरोबर राहू लागले. लीलाताई कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. दोघांनी लग्न केलं नाही. सरांनी घटस्फोटही घेतला नाही. कागदानं काय होतंय, असं ते म्हणत.

त्यांची बायको, द्वारकाबाई, नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. चौथीत मला त्याच होत्या, म्हणून मी त्यांना आजही बाई म्हणते. मी तेव्हा फार अडखळत बोलायची. वर्गात वाचायला उभी केली की मुली हसायच्या. बाईंनी मला वर्गात उभं करणं बंद केलं. शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायच्या, समोर बसवून एक पान वाचून घ्यायच्या. एका पानाला अर्धा तास लागला तरी मधे एक शब्दही सुचवायच्या नाहीत. वर्षभरात मी बोलायला लागले.

त्या नोव्हेंबरात सर व्याख्यानासाठी सांगलीला आले आणि बोलता बोलता व्यासपीठावरच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्याच्या कागदावर पत्नी म्हणून बाईंचंच नाव लागलं. महिन्याभरानं घरी सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, एवढ्यात पुण्याचा प्रवास नको. बाई म्हणाल्या, “माझं घर इथून दहा मिनिटांवर आहे.” एकोणीस वर्षांनी सर त्या घरात आले ते असे, स्ट्रेचरवरून.

मी रोज सकाळी जायची, रविवारी दुपारी. चित्रं दाखवायची, वस्तू हातात द्यायची. आठ-दहा दिवसांनी एक दार किलकिलं झालं. मी सहज म्हटलं, “बे एके बे, बे दुणे...” आणि सर म्हणाले, “चार.” मग सहा, मग आठ. थेट वीसपर्यंत. लहानपणी घोकलेलं कधीकधी असं शिल्लक राहतं, ते डोक्याच्या वेगळ्या कप्प्यात असतं. पण बाईंना ते चमत्कारासारखं वाटलं. पदर तोंडाला लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

पाढ्यांनंतर वार आले, वारांनंतर महिने. एका संध्याकाळी बाईंनी देवापाशी निरांजन लावून श्लोक म्हटला, तर आतल्या खोलीतून सरांचा आवाज त्यांच्या मागोमाग आला. अख्खा श्लोक, एकही अक्षर न चुकता. जन्मभर देव न मानलेला माणूस. श्लोक संपल्यावर बाईंनी विचारलं, “पाणी देऊ का?” आणि उत्तर आलं, “नाही.”

हळूहळू मला त्या ‘नाही’तले फरक कळू लागले. मी वहीत टिपून ठेवायची. नको असेल तेव्हा तो शब्द आखूड यायचा, तुटल्यासारखा, आणि त्याबरोबर डोळे मिटायचे. हवं असेल तेव्हा शेवट लांबायचा, आवाज किंचित वर चढायचा आणि डाव्या हाताचा अंगठा चादरीवर घासायला लागायचा. महिन्या-दीड महिन्यानं माझी खात्री झाली. पेज हवी का, खिडकी उघडू का, दूर नोकरीला असलेल्या मुलाला पत्र लिहायचं का, दहापैकी दहा वेळा माझा अंदाज बरोबर निघायचा. बाईंना हे जमत नव्हतं. त्या विचारायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या.

दर रविवारी दुपारी लीलाताई यायच्या. उंच, सडपातळ, केस आखूड कापलेले, खांद्याला शबनम. पुण्याहून पहाटेच्या एसटीनं निघायच्या, साडेचारच्या गाडीनं परत जायच्या. त्या आल्या की बाई चहाचा कप त्यांच्या हाती द्यायच्या आणि शेजारच्या घरी जाऊन बसायच्या. दोघींमध्ये भांडण कधी झालं नाही. बोलणंही दोन-चार वाक्यांपलीकडे गेलं नाही.

लीलाताई पलंगाजवळच्या खुर्चीत बसून सरांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, त्यांचा हात हातात घेऊन. “नीळकंठ, हे ऐक,” असं म्हणायच्या. सरांना कुणी एकेरी हाक मारतंय हे ऐकायची मला बरेच दिवस सवय होईना. सर ऐकत, कधी रडत. मीच लीलाताईंना सांगितलं होतं, की या आजारात रडू पटकन येतं, प्रत्येक वेळी त्याला अर्थ असतोच असं नाही.

एका रविवारी बाई लवकर परत आल्या, आणि दिवेलागणी व्हायची होती तरी देवापाशी बसल्या. श्लोक सुरू झाला. सरांनी लीलाताईंच्या हातातला हात सोडवून घेतला आणि छातीवर ठेवून श्लोक म्हटला. लीलाताईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. जाताना अंगणात मला म्हणाल्या, “याच्याशी बोलायला माझ्याकडे काहीच नाही बघा. आम्ही पाठ असं काही केलंच नाही.”

बाईंचं मन मला एकदाच दिसलं. फेब्रुवारी असेल. त्या सरांची दाढी करून आल्या होत्या. हात धुता धुता म्हणाल्या, “लग्नानंतर बावीस वर्षं हे या घरात होते. कायम लिहीत असायचे, नाहीतर माणसांत. ह्यांचा चेहरा इतका वेळ मी कधी पाहिला नव्हता.” मग हसल्या. “पाहायला मिळाला, पण माझ्याकडे बघत नाहीत हे. दाराकडे बघतात.”

मार्चमधला दुसरा रविवार. ऊन तापायला लागलं होतं. लीलाताई आल्या त्या खुर्चीत न बसता उभ्याच राहिल्या. बाईही त्या दिवशी शेजारी गेल्या नाहीत, स्वयंपाकघरात होत्या.

“वैजयंती, तुम्ही थांबा,” लीलाताई मला म्हणाल्या. “मला साक्षीला कुणीतरी हवंय.”

मग त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. “नीळकंठ, मी तळमजल्यावर जागा घेतलीय. जिना नाही. एक बाई दिवसभर असेल. डॉक्टर म्हणतात, आता प्रवास चालेल. स्टँडवर टॅक्सी सांगून आलेय. तू म्हणालास तर आज, नाहीतर तू म्हणशील तेव्हा.” त्या थांबल्या. आवाज सारखा करून म्हणाल्या, “मी विचारतेय. येतोस?”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. “नाही,” ते म्हणाले. शेवट लांबला, आवाज वर गेला. “नाही... नाही.” अंगठा चादरीवर घासत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

लीलाताई मग माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही रोज ऐकता. मी आठवड्यातून एकदा. आणि मला हवं आहे तेच मी ऐकणार, हे मला माहीत आहे. त्याच्या बोलण्यातून सोयीचा अर्थ काढायचा नाही मला. तुम्ही सांगा. काय म्हणाला तो?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

“नाही म्हणाले, ताई,” मी म्हटलं.

“म्हणजे नकार?”

“हो.”

सरांची मान माझ्याकडे वळली. “नाही,” ते म्हणाले. आखूड, तुटक. डोळे मिटले, उघडले. “नाही. नाही. नाही.” डावा हात पलंगाच्या लाकडावर आपटला.

तो नकार मला होता. लीलाताईंनी तो हात धरला, चादरीवर ठेवला.

“पुरे, नीळकंठ,” त्या म्हणाल्या. “ऐकलं मी. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हे आपलं ठरलेलं आहे.”

त्यांनी शबनम उचलली. दाराशी चपला घालताना त्यांना पट्टा सापडत नव्हता. मी पुढे झाले तर हातानंच नको म्हणाल्या आणि फाटकाबाहेर पडल्या.

मी स्वयंपाकघरात गेले. बाई पाटावर बसल्या होत्या. समोर एक खाकी बॅग, चेन लावलेली. वर दुमडलेली घोंगडी आणि औषधांचा डबा.

“गेली एकटीच?” त्यांनी विचारलं.

“हो. हे काय, बाई?”

“ह्यांचे कपडे. कालच भरून ठेवले.” त्या बॅगेकडे बघत बोलत होत्या. “मीच कार्ड टाकलं होतं तिला. म्हटलं, येऊन घेऊन जा. मी करते म्हणून का कुणी राहतं? एकोणीस वर्षं जिथं राहिले तिथं जीव असणार माणसाचा. रोज दाराकडे बघणं बघवेना मला.” मग त्यांनी मान वर केली. “काय म्हणाले ते?”

“नाही म्हणाले.”

“ते तर सगळ्यालाच म्हणतात. भूक लागली का विचारलं तरी नाही म्हणतात आणि दोन वाट्या पेज खातात. मला नाही कळत. तुला कळतं.” त्या उठून माझ्यासमोर आल्या. “वैजयंती, खरंच नाही होतं ते?”

भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. स्टँड सायकलवरून पंधरा मिनिटांवर. माझी सायकल अंगणात होती. बाईंच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. शाळा सुटल्यावर माझ्यासमोर पुस्तक धरून बसायच्या तेव्हा जशा बघायच्या, तशाच त्या बघत होत्या. घाई नव्हती, सुचवणं नव्हतं. फक्त मी काय म्हणते याची वाट.

“हो, बाई,” मी म्हटलं. “खरंच नाही होतं.”

त्या खाली बसल्या, बॅगेची चेन उघडली. एकेक बंडी, एकेक धोतर काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा घडी सारखी केली आणि फडताळात लावलं. सगळं लावून झाल्यावर पदरानं तोंड पुसून बाहेर गेल्या आणि सरांच्या पलंगाजवळच्या खुर्चीत बसल्या. तीन महिन्यांत मी त्यांना त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ताक आणू का थोडं?”

सर छताकडे बघत होते. ते काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गेले. “बे एके बे,” म्हटलं. त्यांनी पाढा म्हटला नाही. चित्र पुढे धरलं तर भिंतीकडे तोंड केलं. मी पंधरा दिवस जात राहिले. बाईंबरोबर संध्याकाळी ते श्लोक म्हणायचे असं मला कळायचं. माझ्यासमोर त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही, तो एक शब्दसुद्धा नाही. शेवटी मी बाईंना म्हटलं, आता आणखी सुधारणा होणार नाही. त्या म्हणाल्या, “तू खूप केलंस गं आमच्यासाठी.”

मला जाऊन सांगता आलं असतं. त्या रविवारी, पुढच्या रविवारी, पुण्याला एक कार्ड टाकूनसुद्धा. त्यानंतर लीलाताई आल्याच नाहीत. मी स्वतःला सांगत राहिले, की त्यांना दुसरं आयुष्य आहे, पुस्तकं आहेत, माणसं आहेत. बाईंना कोण आहे?

पुढच्या फेब्रुवारीत सर गेले. कृष्णेकाठी खूप माणसं आली होती. लीलाताई सगळ्यांच्या मागे, एका झाडाखाली उभ्या होत्या आणि अग्नी दिल्यावर कुणाशी न बोलता निघून गेल्या. वर्तमानपत्रांतून लेख आले. शेवटच्या आजारात आगटे पत्नीकडे परतले, पुण्याला येण्याचा आग्रह त्यांनी स्पष्ट नाकारला, ‘रोजचा होकार’चं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं त्याहून वाईट लिहिलं. लीलाताईंना कुणीतरी गाठून विचारलं. त्यांनी काही बोलायला नकार दिल्याची दोन ओळींची बातमी मी वाचली.

ती हकिकत बाईंनीच वार्ताहराला सांगितली होती. त्यात फुशारकी नव्हती. त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं. मलाही त्या अधूनमधून सांगायच्या. माझं लग्न झालं, मुलं झाली, मी त्यांना भेटायला जायची. कधी गवारीच्या शेंगा मोडता मोडता म्हणायच्या, “तिनं विचारलं आणि हे नाही म्हणाले. तू होतीस ना तिथं?” मी म्हणायची, “होते, बाई.” शहाण्णव साली त्या गेल्या. शेवटी मी जवळ होते. चेहरा शांत होता.

त्यांच्यानंतर दोन वर्षांनी मी पुण्याला गेले आणि लीलाताईंचा पत्ता शोधून काढला. त्या तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. तळमजल्यावरची, पुढे दोन पायऱ्यांऐवजी सिमेंटचा उतार केलेली जागा. सरांची चाकांची खुर्ची यावी म्हणून केलेला तो उतार होता. आत येईपर्यंत मला ते कळलं नाही.

त्यांनी मला ओळखलं. मी बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. त्या शब्दाचे दोन प्रकार, वहीतल्या नोंदी, अंगठा, सगळं. सांगताना मी मधे दोनदा अडखळले. चौथीनंतर पहिल्यांदाच.

लीलाताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. पंख्याचा आवाज येत होता.

“तुमचं वय काय होतं तेव्हा?” त्यांनी विचारलं.

“चोवीस.”

“द्वारकाबाईंना सांगितलंत कधी?”

“नाही. धीर झाला नाही. आता त्या नाहीत.”

“बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांगायला नकोच होतं.”

मला वाटलं होतं, त्या चिडतील, मला उठून जायला सांगतील. तसं काहीच झालं नाही. त्यांनी टेबलावरचं तांब्या-भांडं माझ्याकडे सरकवलं. मी पाणी प्यायले.

“त्या दिवशी मी टॅक्सी लगेच सोडली नाही,” लीलाताई म्हणाल्या. “साडेचारची गाडी गेली. त्यानंतरचीही गेली. मी टॅक्सीत मागच्या सीटवर बसून होते. मी परत विचारणार नव्हते. तो नियम त्याचा होता, पाळत मी आले होते. पण वाटत होतं, कुणीतरी येईल. तुम्ही याल. तुमच्याकडे सायकल होती ना?”

“होती.”

“सहा वाजले. मग ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, ‘ताई, पेशंटला कुठून घ्यायचं?’ मला त्याला काही सांगता येईना. तोंडच उघडेना. मी दार उघडून खाली उतरले आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिले.”